गच्चीच्या दाराचे कुलूप

वऱ्हाडचा उन्हाळा वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यावर आपल्या खेड्यांचा उपाय साधा: दिवसा दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि रात्री सारे उघडून अंगणात बाज टाकायची. अमरावती-अकोल्याच्या तीन-चार मजली इमारतींत यातला पहिला भाग उरला, दुसरा गेला.

गेला, कारण गच्चीच्या दाराला कुलूप असते. जिना हे इमारतीचे धुराडेच होय. तापलेली हवा वर चढते. वरचे दार उघडे असेल तर ती निघून जाते आणि खालून रात्रीची गार हवा ओढली जाते. दार बंद असले की ती शेवटच्या मजल्यावर कोंडते. त्या मजल्यावर भाडे कमी, म्हणून तिथे बहुधा आपणच विद्यार्थी राहतो! कूलरचेही तसेच. तो ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर गारवा होत नाही, नुसती चिकचिक होते. मग जो तो आपली हवा जिन्यात सोडतो.

हा प्रश्न जुनाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये तिथे सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टच्या ऑरसाहेबांनी ६३.५ अंशांचा नियम धरला. त्याचा अर्थ असा की समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. पुढे स्वराज्यात, त्याच मुंबईत, गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर राहिले. तिथल्या क्षयरोगाचा संबंध कोंदट खोल्यांशी आहे, असे २०१८ च्या पाहणीने दाखवले. साहेबाला उमगले ते आपण विसरलो, याला काय म्हणावे?

कुलूप लावणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. चोर येतात, लहान मुले कठड्यावर चढतात. पण त्यासाठी दार भरीव पत्र्याचेच कशाला? लोखंडी जाळीचे दार बसवले तर कुलूपही राहील आणि हवाही जाईल. वेल्डिंगवाल्याचे ते किरकोळ काम आहे. अडचण एवढीच की सभेला घरमालक बसतात, भाडेकरूंना कुणी विचारत नाही. आणि बरेचसे मालक त्या इमारतीत झोपतच नाहीत. निदान या विषयापुरते तरी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला सभेत बोलू द्यावे. मार्चअखेर जाळी बसली, तर परीक्षेच्या दिवसांत तिथे रात्री दहानंतर पुस्तक उघडता येईल.