सरल, तालीस आणि थुनेर : ओळखीआधी औषध नको

गेल्या वर्षी चारधाम यात्रेहून परतलेल्या एका वृद्ध रुग्णेने माझ्यासमोर कापडी पिशवी ठेवली आणि विचारले, "डॉक्टर, ही चिडाची पाने वाटेत गोळा केली. खोकल्यावर यांचा चहा करून घेऊ ना?" पिशवीत सरलाच्या, म्हणजे चिडाच्या, तीन-तीनच्या जुडग्यातील लांब सुया होत्या, परंतु त्यांत काही आखूड, चपटी, एकेकटी पानेही मिसळलेली होती. ती चुरगळूनही राळेचा वास येईना. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखविली असता ती थुनेरची, म्हणजे टॅक्ससची, असल्याचे त्यांनी सांगितले. रुग्णेला वेळीच थांबविल्याचे समाधान फार काळ टिकले नाही. त्याच आठवड्यात औषधालयातील तालीसपत्राचा डबा उघडला, तर त्यातही तीच निर्गंध पाने निघाली.

थुनेरमधील टॅक्सीन ही अल्कलॉइडे हृदयाच्या वहनसंस्थेवर आघात करतात. त्यांवर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. फळाभोवतीचा लाल मांसल भाग सोडल्यास सर्व अंगे विषारी असून, वाळविल्याने वा उकळल्याने हा दोष जात नाही. अशा द्रव्याचे घरगुती चहात येणे जितके गंभीर, तितकेच ते आपल्या तालीसादी चूर्णात येणेही गंभीर होय. माझ्या हातून त्या मालाचे चूर्ण काही रुग्णांना दिले गेले होते. कोणास अपाय झाल्याचे आढळले नाही. पण त्याचे श्रेय माझ्या दक्षतेला नाही.

पाईनच्या पानांचा चहा ही काही नवी टूम नव्हे. कोरियात तो परंपरेने घेतला जातो. 1535-36 च्या हिवाळ्यात कॅनडात अडकलेल्या जाक कार्तिए यांच्या खलाशांचा स्कर्व्ही तेथील मूलनिवासींनी एका सदाहरित वृक्षाच्या काढ्याने बरा केला. तो वृक्ष नेमका कोणता, यावर मात्र आजही मतभेद आहेत. 2021 मध्ये याच चहात सुरामिन असल्याची आवई समाजमाध्यमांतून उठली. वस्तुतः सुरामिन हे सुमारे शंभर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत तयार झालेले कृत्रिम औषध आहे. ते पाईनच्या पानांत नसते. शिवाय सर्व पाईन सारखे नाहीत. अमेरिकेतील पाँडेरोसा पाईनची पाने खाल्ल्याने गाभण गायींचा गर्भपात होतो, हे सिद्ध आहे. म्हणून गर्भिणीला असा चहा देऊ नये, हे मी निःसंदिग्धपणे सांगेन. आपल्याकडे तर कोकण किनाऱ्यावरील सुरू पाहून त्यालाच पाईन समजणारेही भेटतात; सुरूचा आणि पाईनचा काही संबंध नाही.

आपल्या परंपरेत सरलाचे काष्ठ आणि निर्यास, म्हणजे श्रीवेष्टक वा गंधबिरोजा, यांचा औषधी उपयोग मुख्य आहे. पानांच्या चहाला शास्त्राचा आधार असल्याचे भासवून तो विकणे उचित नाही. रुग्णाने विचारल्यास त्याची चेष्टा करू नये, मात्र "कोणते झाड, कोठून, कोणी ओळखले?" हे तीन प्रश्न विचारावेत.

आता स्वगृहाकडे वळू. फार्माकोपियाप्रमाणे तालीसपत्र म्हणजे अॅबीज वेबियाना. बाजारात मात्र प्रदेशपरत्वे टॅक्सस, ऱ्होडोडेंड्रॉन, दक्षिणेत फ्लाकोर्शिया अशी भिन्न द्रव्ये याच नावाने येतात. थुनेर हे स्थौणेयक या नावाने आपल्याकडे स्वतंत्रपणे परिचित असलेले द्रव्य आहे; ते तालीसाचे प्रतिनिधी नव्हे. हिमालयातील काही समाज थुनेरच्या सालीचा चहा पितात, असा युक्तिवाद होतो. परंतु साल आणि पान हे भिन्न अंग आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा त्यांचा अनुभव आपल्या डब्यातील पानांना लागू होत नाही. शिवाय टॅक्सस वॉलिचियाना 1995 पासून साइट्सच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. टॅक्सॉलच्या मागणीपायी त्याची आधीच बेसुमार तोड झालेली आहे.

ओळख कठीण नाही, पण पान अखंड हवे. अॅबीजच्या पानाचे टोक खाचदार आणि खालच्या बाजूस दोन पांढऱ्या पट्ट्या असतात; चुरगळल्यास राळेचा सुगंध येतो. टॅक्ससचे पान टोकदार असते, खाली फिकट हिरवे दिसते, आणि त्यात राळनलिका नसल्याने तो गंध नसतो. जुना माल गंधहीन होऊ शकतो, म्हणून केवळ वासावर विसंबू नये. शंका राहिल्यास सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावे.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्याला शेड्यूल टीच्या निकषांतून सूट आहे. ही सूट म्हणजे विश्वास आहे, आणि विश्वासाचे ओझे अधिक असते. औषधालयाच्या मालकांना माझी विनंती एवढीच, की तालीसपत्राचे चूर्ण वा तुकडे न घेता डहाळीसह पाने मागावीत, बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, आणि शंकास्पद माल परत पाठवावा. थोडा महाग पडेल, पण परवडेल.

चरकाचार्यांनी न जाणलेल्या औषधाला विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंक्तीत बसविले आहे. वनात फिरणारे गुराखी औषधींची नावे आणि रूपे जाणतात, असेही त्यांनी नमूद केले. नाव आणि रूप जाणणे ही तर पहिलीच पायरी. आपण तीही व्यापाऱ्यावर सोपविली, तर त्या रुग्णेच्या पिशवीत आणि आपल्या डब्यात फरक तो काय उरला?