यंत्र कुणाचे, मुदत कुणाची?

“सर, ही चौदाच्या चौदा भंगारात काढा.”

संगणक दुरुस्तीला आलेल्या तरुणाने प्रयोगशाळेच्या दारातूनच निकाल दिला. एकाही यंत्राचे झाकण त्याने उघडले नव्हते. मी विचारले, “बिघडलंय काय?” तो म्हणाला, “बिघडलं काही नाही हो. विंडोज टेनची मुदत संपायलीय आणि ह्यांच्यावर इलेव्हन चढत नाही.” मग खिशातून तयार कोटेशन निघाले. नवे यंत्र प्रत्येकी चाळीस हजार, एकूण पाच लाख साठ हजार. जुन्याचे प्रत्येकी आठशे, तेही उपकार केल्यासारखे.

तो गेल्यावर आमचे शिपाईमामा म्हणाले, “सर, सगळी चालायलीत की! मग मेली कशी?”

मामांच्या या प्रश्नाला उत्तर शोधताना जे हाती लागले, त्याने मला संताप आला. तो संताप वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

मी मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही, पण वीस-बावीस वर्षे स्क्रू-ड्रायव्हर हाती धरून ही पेटी उघडतो आहे. ती यंत्रे मी एका रविवारी उघडली. पंख्यात धूळ होती, ती ब्रशने काढली. तीन यंत्रांची घड्याळे भलतीच तारीख दाखवत होती. मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी संपली की असे होते, ती बदलली. प्रोसेसरवरचा वाळलेला पेस्ट खरवडून नवा लावला. एका यंत्रात फुगलेले कपॅसिटर दिसले. ते खरोखर आजारी होते. उरलेली तेरा ठणठणीत. मंद होती ती जुन्या हार्ड डिस्कमुळे आणि तोकड्या मेमरीमुळे. तिथे एसएसडी बसवायची आणि मेमरी चारची आठ जीबी करायची, तर खर्च यंत्रामागे अडीच हजारांच्या आत. कुठे अडीच आणि कुठे चाळीस!

मग ही मेली कशी? विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ही तिच्या नियमित आधाराची शेवटची तारीख ठरली. त्यानंतर यंत्र बंद पडत नाही. बंद होतात त्या सुरक्षेच्या फुकट मिळणाऱ्या दुरुस्त्या. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव सोय ठेवली गेली, हेही सांगितले पाहिजे. पण २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची अट अशी, की यंत्रात टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-सोय हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी, काही अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रोसेसरांपासून सुरू होते. आमची यंत्रे चौथ्या पिढीची. सुरक्षेचा हेतू मी खोटा म्हणत नाही. माझे भांडण आहे ते ‘नवी प्रणाली चढत नाही’ याचा अर्थ ‘यंत्र निकामी झाले’ असा लावणाऱ्यांशी, आणि तो मुकाट्याने मान्य करणाऱ्या आपल्याशी.

ही यंत्रे आली कुठून, तेही सांगतो. २०१४ साली आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ती दिली. त्यांतले बरेचजण बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करतात. मी त्यांतल्या एकाला विचारले, “तुमच्याकडचा लेथ किती जुना?” तो म्हणाला, “माझ्या आधीचा आहे सर. बेअरिंग बदलतो, पट्टा बदलतो, चालतंय.” लेथ बनवणाऱ्या कंपनीने तारीख जाहीर केली म्हणून चालता लेथ कुणी भंगारात घालत नाही. मग त्याच कामगाराच्या घामाच्या पैशातून आलेला संगणक आपण कोणत्या तोंडाने घालतो?

१९९१ साली मी एम. ए.च्या वर्गात बसलो होतो. त्याच वर्षी फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातला माझ्याच वयाचा एक विद्यार्थी, लिनस टॉर्वल्ड्स, आपल्या ३८६ यंत्रासाठी प्रणालीचा गाभा लिहीत होता. त्याचे नाव पुढे लिनक्स पडले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाची साधने त्याला मिळाली आणि वापरा, तपासा, बदला, वाटा अशी चार स्वातंत्र्ये देणारी संपूर्ण प्रणाली उभी राहिली. त्यांतलीच ‘डेबियन’ १९९३ पासून स्वयंसेवक सांभाळत आले आहेत. आमच्या तेरा यंत्रांवर मी तीच घातली. परवान्याचा खर्च शून्य. ऑफिसकामाला लिब्रेऑफिस, लहान मुलांना जीकॉम्प्री.

आता आक्षेप. पालक म्हणतात, “बाहेर सगळीकडे विंडोजच चालतंय, आमची पोरं मागं पडतील.” अहो, सातवीतला मुलगा नोकरीला लागेपर्यंत आजची कोणती खिडकी शिल्लक राहणार आहे? त्याने फाइल म्हणजे काय, तक्ता कसा मांडावा, चूक कशी शोधावी हे शिकायचे की एका कंपनीची बटणे पाठ करायची? केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त प्रणाली राबवून दाखवली. तिथली मुले मागे पडली म्हणून कुणी गळा काढलेला मी ऐकला नाही.

आमचे सहकारी म्हणतात, “टायपिंगचं काय? आम्हांला मराठी प्रश्नपत्रिका आणि कन्नड पत्र, दोन्ही लागतं.” सीमाभागातली ही अडचण खरी. पण इनस्क्रिप्ट या सरकारमान्य कळफलकावर ज्या कळीवर मराठीचा ‘क’ आहे, तिच्यावरच कन्नडचा ‘क’ आहे. ‘ग’, ‘त’, ‘प’ यांचेही तसेच. एका लिपीत बोटे बसली की दुसरी निम्मी आलीच. विंडोज असो वा लिनक्स, ही विद्या बोटांत राहते. उलट आम्ही १९९९ साली स्मरणिका एका जुन्या फाँटात टाइप केली होती. ती आज उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. दुसऱ्याच्या कुलपात ठेवलेले आपले शब्द असे परके होतात.

लिनक्सची बाजूही निर्दोष नाही. छापखान्याची काही मराठी सॉफ्टवेअरे तिच्यावर चालत नाहीत. त्यासाठी कार्यालयात एक नवे विंडोज यंत्र आम्हांला घ्यावे लागेल. प्रिंटरने मला दोन रात्री रडवले. आणि कालबाह्यता तिथेही आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी जुन्या पीसींसाठी नवा इन्स्टॉलर देणे थांबवले. पण तिथे गाभा उघडा आहे. ज्याला गरज आणि अंगात धमक, त्याला पुढे चालवण्याची मुभा आहे. मालकाने कुलूप लावणे वेगळे आणि सेवेकऱ्याने थकून बसणे वेगळे.

आमच्या संस्थेची सभा दिवाळीनंतर आहे. कोटेशन अजून फाइलला आहे आणि ‘नवं ते नवंच’ म्हणणारे सभासदही आहेत. मी सभेपुढे तेरा यंत्रे चालू करून दाखवणार आहे. एक नवे यंत्र आणि तेरांची डागडुजी, एवढाच खर्च मागणार आहे. उरलेल्या पावणेपाच लाखांवर पैशांत विज्ञानाच्या प्रयोगशाळेचे गळके छप्पर दुरुस्त व्हावे, ही माझी मागणी.

गावोगावच्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की भंगारवाल्याला फोन करण्यापूर्वी एक दुपार काढा. वीज बंद करून झाकण उघडा, धूळ झाडा. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता, यंत्र सुरू होते का ते पाहा. सुरू झाले, तर शेजारी उभ्या असलेल्या मुलांना बोलवा आणि आत काय काय असते ते दाखवा. आमच्या शाळेत त्या रविवारी नऊ मुले जमली होती. त्यांतल्या एका मुलीने पुढची चार यंत्रे स्वतः उघडली.