मानसरुग्णाची कथा आणि आपला भ्रमणध्वनी



चिकित्सकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर रुग्णानुभव मांडण्याची प्रथा आपल्या जिल्ह्यातही आता रुळली आहे. आमवात, श्वित्र, अम्लपित्त यांचे अनुभव वाचून अनेकांना लाभ होतो, याविषयी वाद नाही. परंतु उन्माद, विषाद, चित्तोद्वेग यांचे रुग्णही त्याच मोकळेपणाने मांडले जाऊ लागले आहेत. त्याबद्दल लिहिणे मला भाग आहे, कारण ही चूक माझ्याही हातून घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका विधवा भगिनीस विषाद व अनिद्रा यांमध्ये चांगला उपशय मिळाला. आनंदाच्या भरात मी तो अनुभव समूहावर लिहिला. नाव अर्थातच वगळले. वय, तालुका, नोकरीचे स्वरूप आणि पतीच्या निधनानंतर तिने केलेला जीव देण्याचा प्रयत्न मात्र लिहिला. तीन आठवड्यांनी तिचा भाऊ चिकित्सालयात आला. माझा मजकूर फिरत फिरत तिच्याच गावात पोहोचला होता. तो एवढेच म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुमच्या औषधानं ते चांगली झालती. मोबाईलनं पुन्हा घरात बसवली."

आपला जिल्हा आठ तालुक्यांचा. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील अमुक वयाची, अमुक नोकरी करणारी विधवा असे म्हटले की तिला ओळखण्यास नावाची गरज उरत नाही. त्यातून मानसरोगाचा शिक्का इतर व्याधींसारखा पुसला जात नाही. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात, आणि तेथे नेऊन आणलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीचे स्थळही मोडते.

हे केवळ सौजन्याचे प्रकरण नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आहे. त्यातील कलम २३ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानते. कलम २४ तो हक्क विद्युत स्वरूपात साठविलेल्या माहितीलाही लागू करते. हा कायदा मनोविकारतज्ज्ञांपुरता आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मनोविज्ञान व मानसरोग विषयातील आयुर्वेदाचे पदव्युत्तर पदवीधर त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्पष्टपणे समाविष्ट आहेत. सन्मान स्वीकारायचा आणि बंधन नाकारायचे, हे शोभत नाही. शिवाय चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर न सांगण्याचा नियम आहेच. तो आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला होता.

अनुभव मांडले नाहीत तर शास्त्र वाढणार कसे, असा प्रश्न एका ज्येष्ठ मित्रांनी केला. प्रश्न योग्य आहे. परंतु वाचणाऱ्या वैद्याला हवे असते ते हेतू, दोषदूष्यविचार, सत्त्वपरीक्षण, कल्याणक घृताची मात्रा आणि अनुपान. गाव, नोकरी, छायाचित्र यांनी संप्राप्ती अधिक स्पष्ट होत नाही. उपचारासाठी एखाद्या जाणकार वैद्याचा सल्ला घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. दोनशे जणांचा समूह म्हणजे सल्ला नव्हे. संमती घ्यावयाची तर ती रुग्णाची, लेखी, आणि तो सावरल्यानंतर घ्यावी. पहिल्याच दिवशी दिराने किंवा सासऱ्याने मान डोलावली, ही संमती नाही.

अशा मजकुराखाली येणाऱ्या उत्तरांविषयी तर लिहितानाही संकोच वाटतो. हसरे चेहरे, "भूतबाधा पाहा" असा विनोद, आणि रुग्णास न पाहता "सगळ्या अ‍ॅलोपॅथिक गोळ्या बंद करा" असा आदेश. हा तिसरा प्रकार तर धोक्याचा आहे. चालू औषध एकाएकी थांबविल्यास रोग उलटू शकतो. उन्मादचिकित्सेत संहितेने त्रासन, बंधन हेही सांगितले आहे, हे मी लपवीत नाही, आणि साखळदंडाला आजचा कायदा मुळीच परवानगी देत नाही. पण त्याच अध्यायात सुहृदांच्या आश्वासक वचनांनाही स्थान आहे. रुग्णाच्या पाठीमागे त्याची थट्टा करणे कोणत्याही संहितेत नाही.

माझा मजकूर मी त्याच दिवशी काढून टाकला. तोवर तो किती भ्रमणध्वनींत साठला होता, हे कळण्यास मार्ग नव्हता. त्या भगिनी पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. उपचार अन्यत्र सुरू आहेत, असे भावाने नंतर कळविले. कोठे, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.