दहा सेंटिमीटरवरचे बालपण

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपले सारे लक्ष आशिषकुमारकडे होते. जिम्नॅस्टिक्समधली भारताची पहिली राष्ट्रकुल पदके त्याने मिळवली. मी मात्र ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन मिचेलकडे पाहत राहिलो. पर्थची ही १९ वर्षांची मुलगी दिल्लीहून चार सुवर्णपदके घेऊन गेली आणि त्याच महिन्यात रॉटरडॅमला फ्लोअर एक्सरसाइजमध्ये जगज्जेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन महिला.

बॅलन्सिंग बीम म्हणजे सव्वा मीटर उंचीवरची, जेमतेम दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी. तिच्यावरची कोलांटी एकोणिसाव्या वर्षी शिकायला घेऊन जमत नाही. तिचा पाया बहुधा दुधाचे दात पडण्याच्या वयात घातला जातो. माझे कौतुक नेमके इथे अडखळते. त्या वयातले मूल 'दुखतंय' म्हणाले, तर ऐकणार कोण?

ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २०२१ च्या अहवालात या दुखण्यावर बोट ठेवले. काहीही करून जिंकायचेच ही वृत्ती, कोवळ्या वयाच्या मुली आणि त्यांच्यावर प्रशिक्षकांची सत्ता, यांतून छळाला वाव मिळाला, असा त्याचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय संघटनेने माफी मागितली.

मिचेलच्या पदकांचे मोल यामुळे कमी होत नाही. पण क्लासची पारख भिंतीवरच्या पदकांवरून करू नये. तिथली सहा वर्षांची पोर सरांना 'आज नको' असे न घाबरता म्हणू शकते का, एवढेच आईबापांनी पाहावे.