इंजेक्शन तोंडी हुकमावर, चौकशी मात्र लेखी

गाडी घसरली की पहिला बडगा पॉइंट्समनवर, हे आपण जाणतो. इस्पितळात ती पाळी परिचारिकेची. बंगळूरच्या इंदिरानगरातले ईएसआय रुग्णालय असो वा भायखळ्याचे रेल्वे रुग्णालय, बाळंतपणात ऑक्सिटोसिन टोचणारा हात तिचाच. बाळ जन्मताच स्नायूत दिलेली 10 युनिट रक्तस्राव रोखून आईचा जीव वाचवतात. तेच औषध प्रसूती उरकायला बेहिशेबी दिले, तर गर्भाशय फाटू शकते, पोटातले बाळ गुदमरू शकते. शिवाय ते 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावे लागते. फ्रीज बंद पडला की गुण उतरतो, कुपी मात्र दिसायला तशीच!

गुरांवर गैरवापर होतो म्हणून 2018 साली केंद्राने देशातल्या पुरवठ्यासाठी खाजगी उत्पादन बंद करून ते काम बंगळूरच्याच सरकारी कर्नाटक अँटिबायोटिक्सकडे सोपवले. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. कारखाना कोणाचा, यावर एवढा खल. प्रसूतिकक्षातल्या फ्रीजचे काय? रात्रपाळीला एकटीच परिचारिका असेल, तर ठिबकातले थेंब मोजणार कोण?

बंद पडलेला लाल सिग्नल ओलांडायला ड्रायव्हरला लेखी अधिकारपत्र लागते. परिचारिकेनेही डोससाठी लेखी आदेश मागावा, आणि त्यापायी मेमो आला तर युनियनने तो आपला समजावा.