सहावीतल्या वाचकाला काय देऊ?

मा. ग्रंथालय संचालक, शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तकं निवडणारे सदस्य आणि शाळांची पुस्तकखरेदी करणारे मुख्याध्यापक,



2025 च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला आणि आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीला मागणी सुरू झाली. मागणारी बरीचशी मुलं पाचवी-सहावीतली. मोबाइल बाजूला ठेवून कुणी जाडजूड पुस्तक मागत असेल तर नाही कोण म्हणेल? पण ती कादंबरी 1979 सालची, मोठ्यांसाठी लिहिलेली. भाषा भारदस्त, पानं शेकड्यांनी, आणि शेवटी संभाजी महाराजांचे ते हाल. बहुतेक मुलांनी थोडं वाचून पुस्तक परत केलं आणि विचारलं, “असंच, पण आमच्यासाठी काही आहे का?” या प्रश्नाला उत्तर शोधताना तुमच्या यादीचा मला काडीचा उपयोग होत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

यादीतून लेखक कळतो, प्रकाशक कळतो, किंमत कळते. पुस्तक कोणत्या वयाच्या हातात द्यायचं, ते कळत नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत ही उणीव फार महागात पडते. रणजित देसाईंची ‘स्वामी’ घ्या. 1962 ची ही कादंबरी माझी अतिशय आवडती. थेऊरला माधवराव क्षयाने जातात आणि रमाबाई सती जातात. मोठा वाचक त्या शेवटाकडे काळाचं भान ठेवून पाहतो. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात मात्र ‘खरं प्रेम म्हणजे असं’ एवढंच राहण्याची भीती असते. नववी-दहावीला ‘स्वामी’ जरूर द्यावी, आणि वाचून झाल्यावर मुलांशी बोलावंही. सहावीला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला ते पटणार नाही, पण निदान यावर चर्चा तरी व्हावी. आज ती होतच नाही, कारण ‘ऐतिहासिक म्हणजे संस्कारक्षम, आणि संस्कारक्षम म्हणजे मुलांचं’ असं आपण गृहीत धरून बसलो आहोत.

यावर तोडगा म्हणून संक्षिप्त आवृत्त्या निघतात. थोरल्याचा सदरा खालून कापून धाकट्याला घालावा, तशी त्यांची गत. लढाया राहतात, माणसं गळतात. रात्री माचीवर पहारा करणाऱ्याला थंडी वाजत होती का, त्याच्या घरी कोण होतं, शिधा कुठून यायचा, हे सगळं पहिल्या झटक्यात कापलं जातं. मुलाला खरं तर तेच हवं असतं. इतिहासाचं पुस्तक त्याला सनावळी देतं. चौथीत अख्खं ‘शिवछत्रपती’ तो शिकलेला असतो. कादंबरीने त्याला त्या काळात उभं करायला हवं. गो. नी. दांडेकरांना हे साधलं होतं. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत महाराजांभोवतीची साधी माणसं पुढे येतात, आणि गड पायांनी पालथे घातलेल्या लेखकाची ती वाक्यं वाचताना वाचकालाही धाप लागते. आठवीपासून पुढे मी बेधडक गोनीदा देतो. त्याहून लहानांसाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक काढतो. बालभारती 1971 पासून हे मासिक काढते आहे. पण एका मासिकाने किती ओझं वाहायचं?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मुलांच्या ऐतिहासिक पुस्तकांत खरं किती आणि रचलेलं किती, हे कुणी सांगतच नाही. सिंहगडाचंच पाहा. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ 1903 ची. त्या शीर्षकाने महाराष्ट्राच्या मनावर असा ठसा उमटवला की तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आज कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. प्रत्यक्षात ती लढाई फेब्रुवारी 1670 मधली, आणि सिंहगड हे नाव त्याआधीच्या, 1663 च्या एका पत्रातही सापडतं. कडा चढायला लावलेली ती घोरपड आली पोवाड्यांतून. म्हणून आपट्यांची कादंबरी टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. तानाजींचं शौर्यही तसूभर कमी होत नाही. पण पुस्तकाच्या शेवटी दोन पानं घालून लेखकाने किंवा संपादकाने लिहावं: ही लढाई झाली, ही माणसं होती, हा संवाद माझ्या कल्पनेतला, ही घोरपड शाहिरांची. मुलांना असली पानं गोष्टीइतकीच आवडतात. खरं आणि रचलेलं शोधायचा खेळ त्यांना लगेच जमतो. रणजित देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’च्या आरंभी नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र आहे, त्यात लेखकाशी इतिहासावरून केवढा वाद आहे! मोठ्यांना एवढं मिळतं, मग मुलांना दोन पानंही नकोत?

आणि विषय! आमचं कपाट उघडलं की गड, तलवारी, दरबार. शिवकाल हवाच, पण महाराष्ट्र तिथे सुरू होत नाही आणि संपतही नाही. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, वर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. त्या घाटाने बैलांच्या तांड्याबरोबर उतरणारा बारा वर्षांचा पोरगा मला मराठीत भेटलेला नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षाच्या आसपास लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’त छापून आला. नायिका आयती समोर उभी आहे. 1921 मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह आहे, धरणाखाली जाणारं गाव लहान मुलाला कसं दिसलं असेल? कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांतली कितीतरी मुलं सैबेरियाची हद्दपारी भोगून इराणमार्गे इथे पोचली होती. अशा मुलीची आणि वळिवड्यातल्या एखाद्या मुलाची ओळख व्हायला मराठी लेखकाला कल्पनाशक्ती तरी किती ताणावी लागेल? मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर, गोव्याच्या सत्याग्रहावर, 1982 च्या गिरणी संपातल्या चाळीवर मुलांना देण्याजोगी कादंबरी शोधायला बसलो की माझा हात कपाटावरून रिकामाच खाली येतो.

लेखक लिहीत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. विकत कोण घेणार हे माहीत नसताना प्रकाशक तरी का छापेल? ग्रामीण वाचनालयांची खरेदी अनुदानावर चालते आणि अनुदानाची खरेदी तुमच्या यादीकडे बघून होते. म्हणजे दोरी तुमच्याच हातात आहे. अमेरिकेत स्कॉट ओडेल या लेखकाने 1982 साली केवळ मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीसाठी पुरस्कार ठेवला. कथा अमेरिका खंडांत घडलेली असावी, अशी त्याची अट आहे. आपल्या राज्य पुरस्कारांत बालवाङ्मयाचे विभाग आहेत, त्यांत असा एक वाढवायला फार मोठा खर्च येणार नाही. सुभद्रा सेनगुप्ता यांनी इंग्रजीत भारतीय मुलांसाठी इतिहासातल्या इतक्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, त्यांचे चांगले मराठी अनुवाद करून घेता येतील.

पुरस्कार, अनुवाद यांना वेळ लागेल, हे मलाही कळतं. पण पुढच्या वर्षीच्या यादीत ‘कुमारांसाठी ऐतिहासिक कथा-कादंबरी’ असं स्वतंत्र शीर्षक आणि प्रत्येक पुस्तकापुढे वयोगट, एवढं तरी छापा. निवड करायला बसाल तेव्हा शाळेतली दोन-चार वाचणारी मुलं आणि त्यांचे शिक्षक यांनाही बोलवा. आणि ज्या पुस्तकाच्या शेवटी खरं-खोटं सांगणारी दोन पानं नसतील, त्याच्या प्रकाशकाला ती घालायला सांगूनच ते पुस्तक मान्य करा.

आपला,
तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयातला ग्रंथपाल