लंडन दहा तासांवर, मुंबई किती?

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने भागले की आठ तास येतात. वेळापत्रकात मात्र जाताना दहाच्या आसपास लागतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे जाताना समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर आटोपतो. शिवाय पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट पाकिस्तानवरून जाते आणि ते आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद झाले. वळसा घातला की वेळही वाढतो आणि इंधनही. पण ही सगळी उलथापालथ तास-दोन तासांची. प्रवाशाचा खरा वेळ जातो तो जमिनीवर.

शिरूर तालुक्याच्या कडेला, भीमेकाठी वसलेले वडगाव रासाई घ्या. नदी ओलांडली की दौंड तालुका. इथल्या ऊसपट्ट्यातून लंडनला शिकायला निघालेल्या मुलीला आधी दोनशेएक किलोमीटरवरची मुंबई गाठायची असते. नगर रस्त्याने गेले तर वाघोलीची कोंडी, चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याने गेले तर हडपसरची. पुढे बोरघाट आहेच. रस्ता मोकळा असला तर पाच तास, पण तो मोकळा असेल याची हमी कोण देणार? त्यात विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. म्हणजे विमानात बसण्याआधीच आठ तास गेले, आणि धास्तीपोटी लवकर निघणाऱ्यांचे दहा. त्या वेळात विमान लंडनला टेकते!

यावर कोणी म्हणेल, पुण्यात विमानतळ नाही का? आहे, पण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, तरी परदेशी उड्डाणे दुबई, बँकॉक अशी मोजकीच. २००८ मध्ये सुरू झालेली लुफ्थान्साची फ्रँकफर्ट सेवाही टिकली नाही. मग पुरंदरचा विमानतळ झाला की प्रश्न सुटेल, असे सांगितले जाते. तिथल्या सात गावांच्या जमिनीचा वाद बाजूला ठेवला, तरी धावपट्टी बांधल्याने लंडनचे विमान आपोआप येत नाही. कंपनी रोजच्या भरलेल्या जागा पाहते, आणि मुंबई जवळ आहे तोवर पुण्याचे प्रवासी तिकडे ओढले जाणारच. तेव्हा मागणी थेट विमानाची नको, मुंबईपर्यंतच्या भरवशाच्या वाहनाची हवी. इतक्या थोड्या प्रवाशांसाठी एसटी कशी परवडेल, ही शंका रास्त आहे. पण नवी गाडी सोडा असे कोण म्हणतो? सोलापूर आणि नगर रस्त्यांवरून मुंबईच्या गाड्या आजही धावतात. त्यांतल्या रात्रीच्या एक-दोन मुंबईत सहारच्या विमानतळापर्यंत न्याव्यात, चौफुला आणि शिक्रापूरला त्यांचा थांबा आणि वेळ पक्की असावी. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून परदेशी उड्डाणे वाढतील, तशा काही गाड्या तिथे, उलव्याकडे, वळवता येतील. पुण्याहून मुंबई विमानतळाला जाणाऱ्या खासगी टॅक्सी वर्षानुवर्षे चालतात, म्हणजे गिऱ्हाईक आहेच. फक्त ते गिऱ्हाईक शिरूर-दौंडमध्येही राहते, हे एसटीने एकदा मोजून पाहावे.